शुक्रवारचा उपास

माझी मुलगी दीड वर्षाची झाल्यापासून दर शुक्रवारी कडकडीत उपास करायची. तेही कुठल्या घरात, तर आमच्या. बावीस प्रतिज्ञा म्हटल्याशिवाय आमच्याकडे बारसंसुद्धा होत नसे. बटाट्याचा चिवडा आणला तरी सासूबाई आधी विचारत, "ह्यो उपासाचा हाय का साधा?" आणि साधा आहे अशी खात्री पटली की मगच बकाणा भरत.

बाकीचे सहा दिवस बाय फार मोठी जेवणारी होती असंही नाही. तिला आम्ही सगळे 'बाय'च म्हणायचो. भात मऊ हवा, पण चिकट नको. वरण हवं, पण त्यात जिरं दिसता कामा नये. हिरवं काही दिसलं की ती जिभेच्या टोकाने ते नेमकं वेगळं काढून माझ्या तळहातावर ठेवायची. जेवायचं ते एकाच वाटीतून, तळाला पोचा आलेल्या. नवी वाटी आणली तर ती उलटी करून डोक्यावर घालायची. आवडीचं म्हणाल तर सुकट, म्हणजे सुकी कोलंबी. ती दिली की बाईसाहेब खूश.

मी डी.एड. झालेली बाई. बालमानसशास्त्राच्या पेपरात मला चांगले गुण होते. बालकाला आहाराची सक्ती करू नये, असं आमच्या पुस्तकात लिहिलेलं होतं. लिहिणाऱ्याला मूल नसावं. असलंच तर त्याला भरवायला बायको असावी.

आम्ही तेव्हा नारपोलीत राहायचो. चाळीतल्या दोन खोल्या, आणि मागच्या खोलीची भिंत थेट यंत्रमागाच्या कारखान्याला लागून. हे दुसऱ्या एका कारखान्यात माग दुरुस्त करायला होते. सासूबाईंनीही सासरे गेल्यावर गाव सोडून बरीच वर्षं कारखान्यात कांड्या भरल्या होत्या. धोट्यात बसवायच्या त्या छोट्या कांड्यांवर सूत गुंडाळून गुंडाळून त्यांच्या बोटांना कायमचे वळ पडले होते. आता गुडघ्यांमुळे त्या घरी होत्या आणि सगळं लक्ष नातीवर होतं.

भिंतीपलीकडे माग चालू असले की आमच्या मांडणीवरची भांडी किणकिणत. पेल्यातलं पाणी आपोआप हलत राही. बाहेरगावचे पाहुणे आले की तासाभरात डोकं धरून विचारत, "तुम्ही इथं राहता तरी कसे?" आम्ही एकमेकांकडे बघायचो. आम्हाला वाटायचं, चाळीतल्या नळाबद्दल बोलताहेत.

तर शुक्रवार. भिवंडीत शुक्रवारी मागांना सुट्टी. हे घरी. सकाळी निवांत आंघोळ, घरात कोंबडी नाहीतर बोंबील, दुपारी ताणून झोप. सगळ्यांच्या आनंदाचा दिवस, आणि नेमकी त्याच दिवशी बायची दातखीळ बसलेली. घास पुढे केला की मान डावीकडे. डावीकडून आणला की उजवीकडे. सुकटीचा वास दाखवला तरी ओठ घट्ट. संध्याकाळी दूध प्यायची, बिस्कीट चोखायची, बस. शनिवारी सकाळी पुन्हा आपली पोच्याची वाटी घेऊन हजर.

पहिले दोन-तीन शुक्रवार कुणाच्या लक्षात आलं नाही. मग ते शेजारच्या चाचीच्या लक्षात आलं. चाची उत्तर प्रदेशातली, तिचा नवरा आणि दोघं दीर मागावर. तिने बायची हनुवटी धरून जाहीर केलं, "अरे बहू, ये तो जुम्मे का रोज़ा रखती है! इतनी सी जान, देखो तो." दोन दिवसांनी कोपऱ्यावरची आगरी काकू गूळ-फुटाणे घेऊन आली. तिच्या मते हे शुक्रवारच्या देवीचं व्रत होतं. पोरीने आपणहून धरलंय, भाग्य लागतं त्याला. फक्त घरात आंबट करू नका, एवढं मात्र सांभाळा.

सासूबाई तांबड्यालाल झाल्या. "आमच्या घरात देवी न्हाय, रोजा न्हाय, उपास न्हाय! पोर जेवत न्हाय ती जेवत न्हाय. त्येला नाव कशापायी ठेवता?" काकू गेल्यावर त्यांनी गूळ-फुटाणे खाल्ले, पण त्या दिवशी मुद्दाम चिंचेचं सार केलं.

मला मात्र कारण सापडलं होतं. मी शिकलेली, मी निरीक्षण केलं. शुक्रवारी घरात वेगळं काय असतं? हे असतात. म्हणजे दोष यांचा. बाप दिसला की मूल लाडावतं आणि जेवत नाही, हे मी इतक्या ठामपणे सांगितलं की यांनाही पटलं. मग दर शुक्रवारी बायच्या जेवणाच्या वेळी मी यांना घराबाहेर काढायची. बिचारे आठवड्याच्या एकुलत्या एका सुट्टीला भर उन्हात नाक्यावर चहा पीत बसायचे आणि तासाने दाराशी येऊन विचारायचे, "जेवली?" नाही जेवली. तर मी म्हणायची, "तुमचा शर्ट खुंटीवर दिसत होता ना तिला."

लाइट गेली तरी ती जेवायची नाही. ते आम्ही अंधाराला घाबरते म्हणून सोडून दिलं. लाइट भर दुपारी गेली तरी जेवायची नाही, यावर डी.एड. झालेल्या बाईने विचार केला नाही.

असं चाललेलं असताना माझी ऑर्डर आली. प्राथमिक शिक्षिका, आणि शाळा कुठली, तर दिघाशीची, आमच्याच गावची! गावात आमचं दोन खोल्यांचं घर बंद पडलेलं होतं. शाळा तिथून हाकेच्या अंतरावर. पंधरा दिवसांच्या आत हजर व्हायचं होतं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, पण तो कागद त्यांनी दोन्ही बाजूंनी बघितला आणि छातीशी धरला. "तू शाळंत जा. बायला मी बघते." मी, सासूबाई आणि बाय गावी राहू, हे नारपोलीतच थांबतील आणि सुट्टीला येतील, असं ठरलं. घर झाडून-सारवून घेण्यात पाच दिवस गेले, आणि हजर व्हायच्या सोमवारच्या नऊ दिवस आधी, एका शनिवारी, टेम्पोत सामान घालून आम्ही निघालो. पोच्याची वाटी मी हातात धरून बसले होते.

गावात पोचलो आणि बायने जेवण सोडलं.

एक दिवस नाही, रोज. शनिवार शुक्रवारसारखा, रविवार शुक्रवारसारखा, सोमवार शुक्रवारसारखा. दूध तेवढं घ्यायची. मी मऊ भात केला, पातळ केला, गूळ घातला, मीठ घातलं. सुकट भाजली, कुटली, भातात लपवली. अंगणात बसवलं, कडेवर घेतलं, कोंबड्या दाखवल्या. कोंबड्यांना तिने आनंदाने स्वतःचा भात दिला. चौथ्या दिवशी तिचा फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि म्हणाले, "काही झालेलं नाही हिला. जागा बदलली की होतं असं. भूक लागली की खाईल." मनातल्या मनात मी त्यांना चार-पाच वाक्यं ऐकवली.

बुधवारी संध्याकाळी मी दाराआड उभी राहून बायवरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. लिहायला आजही लाज वाटते, पण केलं. चुलीत टाकणार एवढ्यात मागे सासूबाई.

"डी.एड.ला ह्येच शिकवत्यात काय?"

त्यांनी माझ्या मुठीतल्या मोहऱ्या काढून घेतल्या आणि डब्यात परत टाकल्या. घर सारवावं तशी त्यांनी मला शब्दांनी सारवून काढली. आपण काय सोडलं, कशासाठी सोडलं, सगळं झालं. मग त्या चुलीपुढे बसल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "याच्या आधी टाकल्या व्हत्यास का? तडतडल्या का न्हाय?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. त्याही तितक्याच घाबरल्या होत्या.

गुरुवारी दुपारी मी ठरवलं. पोर माझ्या हातचं खात नाही, तर सासूबाईंच्या हातचं काय खाणार? मी दिवसभर शाळेत पाढे म्हणून घेणार आणि इथं ही वाळत जाणार. असली नोकरी मला नको होती. मी वही काढली आणि घरगुती अडचणीमुळे हजर होऊ शकत नाही असा अर्ज लिहायला घेतला.

"काय लिव्हतीस?" सासूबाईंनी विचारलं.

मी सांगितलं. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. नातीपायी सून नोकरी सोडते आहे, कुठल्या सासूला बरं वाटणार नाही?

त्या हातातलं सूप खाली ठेवून माझ्यासमोर येऊन बसल्या. दोन्ही हात माझ्या वहीवर पालथे ठेवले, ते वळ पडलेले. "ही बोटं बघ. तुझ्या पगारासाठी न्हाय बोलत मी. लगीन होऊन या गावात आले तवा त्या शाळेची जमीन मी सारवायची. दर आठवड्याला. सारवून भायेर यायचे, मग पोरं आत बसायची. आत बसून काय करत्यात, ते मना कधी कळलं न्हाय. आता माझी सून आत उभी राहनार आन् पोरं तिला 'बाई' म्हननार. ते मना ऐकायचं हाय. आन् तू अर्ज लिव्हतीस?"

"मग बायला उपाशी ठेवू?" मीही आवाज चढवला. आमच्या घरात सगळ्यांचेच आवाज मोठे, नारपोलीची सवय. गावातली दोन माणसं दाराशी येऊन डोकावून गेली.

"उपाशी न्हाय ऱ्हानार ती!"

"कशावरून?"

त्या उठून गेल्या आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. अर्ज लिहून मी फडताळात ठेवला. दुसऱ्या दिवशी हे आले की त्यांच्याबरोबर पाठवायचा, असं ठरवलं.

दुसरा दिवस शुक्रवारच होता. सकाळी सासूबाई अंगणातल्या दगडावर धुणं घेऊन बसल्या. राग होताच, हातात धोपटणंही होतं. सोमवारसाठी माझं निळं पातळ त्या धूत होत्या, आणि मला दिसेल अशा बेताने धूत होत्या. धप्, धप्. धप्, धप्. एकेक फटका माझ्या नावाचा. मी उंबऱ्यावर बायला घेऊन बसले होते. हातात वाटी होती. सवय म्हणून भात कालवला, सवय म्हणून घास उचलला, पण डोळे दुसरीकडेच होते.

बोटांना काहीतरी ओलं लागलं. बघते तर घास नाही. बायच्या तोंडात होता, आणि ती चावत होती.

मी श्वास रोखून दुसरा दिला. गेला. तिसरा दिला, त्यात एक कोथिंबिरीचं पान होतं, तेही गेलं. चौथ्या घासाला सासूबाईंनी सहज मान वळवली. त्यांना दिसलं आणि त्यांचा हात वरच्यावर थांबला. बायचे ओठ मिटले.

"आई, थांबू नका!" मी ओरडले.

"काय?"

"धोपटा! धोपटा म्हणते ना!"

गोंधळून त्यांनी पातळावर दोन फटके मारले. बायने तोंड उघडलं. मग काय विचारता! निळ्या पातळाच्या जागी चादर आली, चादर पिळून झाल्यावर सासूबाईंनी दोरीवरचे वाळलेले कपडे ओढून घेतले आणि तेही बडवायला सुरुवात केली. माझा घास, त्यांचा फटका. त्यांचा श्वास लागला होता आणि पदर पाण्यात भिजत होता, पण त्या थांबायला तयार नव्हत्या.

त्याच वेळी हे एसटीतून उतरून गल्लीने येत होते. अंगणात येऊन उभे राहिले. आई कोरडे कपडे धोपटते आहे, बायको ओक्साबोक्शी रडत लेकीला भरवते आहे, आणि लेक गपागप जेवते आहे, असं ते दृश्य. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. यांनी पिशवी खाली ठेवली आणि मान तिरकी केली. बिघडलेल्या मागापुढे उभे राहिले की ते नेहमी अशीच मान तिरकी करायचे. थोडा वेळ ऐकलं, मग घरात गेले, बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा आणि पळी घेऊन आले आणि बायसमोर उकिडवे बसले.

खटाक्-खट. खटाक्-खट. खटाक्-खट.

हुबेहूब! डोळे मिटले असते तर मी नारपोलीच्या मागच्या खोलीत असते. बायचा चेहरा असा उजळला की काय सांगू. ती सरकत सरकत डब्यापाशी गेली आणि आ वासून बसली. जन्मल्यापासून तिने त्या भिंतीपलीकडच्या तालावर दूध प्यायलं होतं, त्याच तालावर पहिला भात खाल्ला होता. तो थांबला की तिच्या लेखी जेवणाची वेळच झालेली नसायची.

"अगं," हे न थांबता म्हणाले, "शुक्रवारी माग बंद असतात."

इतके शुक्रवार आम्ही रोजा शोधला, देवी शोधली, खुंटीवरचा शर्ट शोधला. बंद झालेला आवाज काही आमच्या ध्यानात आला नाही, कारण चालू असलेला आवाजच आम्ही कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. पाहुणे कशाबद्दल विचारत होते, ते मला त्या उंबऱ्यावर कळलं.

वाटी रिकामी झाली. यांनी पळी खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, "आणि मला एवढे शुक्रवार घराबाहेर काढलंस, त्याचं काय?"

त्या दिवशी कोंबडीची तंगडी यांच्या ताटात पडली. अर्ज सासूबाईंनी चुलीत घातला. वाचता येत नसलं तरी तो कुठला कागद, हे त्यांना बरोबर माहीत होतं. संध्याकाळी परत जाण्याआधी हे आईला डबा वाजवायला शिकवत होते. "आई, पहिला ठोका जोरात, दुसरा जरा हलका." सासूबाईंनी पळी हिसकावून घेतली. "मना शिकवतोस? तुझ्या आधी कारखाना बघितलाय मी." आणि डाव्या हाताने पळी, उजव्या हाताने घास, अशी त्यांनी लगेच घडी बसवली.

सोमवारी निळं पातळ नेसून मी शाळेत गेले. पोरं उभी राहिली, "नमस्ते बाई" म्हणाली. मी फळ्याकडे तोंड केलं. डोळे भरले होते, आणि पहिल्याच दिवशी पोरांना ते दिसू द्यायचं नव्हतं. दुपार होत आली तसं माझं चित्त ठिकाणावर राहिना. पाढ्यात मीच चुकले. आणि मग खिडकीतून आवाज आला. खटाक्-खट. खटाक्-खट. लांबून, पण स्वच्छ. तो आवाज संपेपर्यंत मी खडू हातात धरून खिडकीपाशी उभी राहिले. बराच वेळ चालला.

आठवड्याभरात अख्ख्या वर्गाला ते माहीत झालं. मी पाठमोरी असले तरी कुणीतरी सांगायचंच, "बाई, डबा सुरू झाला!" आवाज लवकर थांबला तर पोरंच हळहळत, "आज कमी जेवली, बाई." एकदा परीक्षा घ्यायला आलेल्या साहेबांनी विचारलं, इथं जवळपास माग आहे का? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "न्हाय साहेब, बाईंची बाय जेवते हाय." साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पावसाळा गेला, थंडी आली. हिवाळ्यातल्या एका दिवशी डबा वाजलाच नाही. पोरं खिडकीकडे बघायला लागली. मी वाट पाहिली, आणखी वाट पाहिली. मग शेजारच्या वर्गातल्या गुरुजींना माझ्या पोरांवर लक्ष ठेवायला सांगितलं आणि पदर खोचून धावत सुटले. ती शंभर पावलं मी कशी गेले ते माझं मला माहीत.

सासूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. मला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आत बाय मांडी घालून बसली होती, समोर पोच्याची वाटी. स्वतःच्या हाताने भात कालवत होती. निम्मा फ्रॉकवर, निम्मा तोंडात. मधेच एक हिरवी मिरची तिने चिमटीत उचलली, निरखली आणि बाजूला ठेवली. घरात अगदी शांत होतं. डबा पळीसकट कोपऱ्यात होता.

"मी पळी उचलली," सासूबाई कुजबुजल्या, "तर माझा हात धरून खाली ठिवला तिनं." त्यांचे दोन्ही हात मांडीवर रिकामे होते, आणि त्यांना हसावं की रडावं ते कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. मी त्यांच्याजवळ उंबऱ्यावर टेकले, त्यांचा एक हात हातात घेतला, आणि आम्ही दोघी नुसत्या तिला जेवताना बघत राहिलो.

दोन-चार घास झाले असतील. सासूबाईंनी हात सोडवून घेतला आणि मला कोपराने ढोसलं.

"बसलीस काय? जा. शाळा सुटली न्हाय अजून."